उंटिणीला गाणं ऐकवून पान्हवणारी माणसं

मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात वसंताच्या तोंडावर उंटिणी वितात. थंडी सरलेली नसते, धुळीचे वारे सुटलेले असतात, आणि एखादी पहिलटकरीण पिल्लाला जवळच येऊ देत नाही. हुंगते, लाथ झाडते, मान फिरवून निघून जाते. दूध मिळालं नाही तर पिल्लू वाचणार नाही. मग घरातलं कुणीतरी, बहुधा बाई, तांबडं फुटताना किंवा तिन्हीसांजेला उंटिणीला पिल्लाशेजारी बांधते, तिच्या अंगावरून हात फिरवते आणि गायला लागते. गाण्यात शब्द जवळजवळ एकच, ‘खोस, खोस, खोस’. शेजारी कुणी घोड्याच्या केसांच्या तारांचं वाद्य धरतं. उंटीण बिथरली की चाल बदलायची, शांत झाली की तीच चाल धरून ठेवायची. असं तासन् तास चालतं. शेवटी ती पिल्लाला हुंगते, कास ढिली सोडते आणि पिल्लू आचळाला लागतं. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, असं गोबीतले लोक सांगतात. आई मेलेलं पिल्लू दुसरीच्या पदरात घालतानाही हेच गाणं. मेंढीसाठी वेगळा शब्द आहे, ‘तोइग’.

२०१५ साली युनेस्कोने या विधीला तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतलं.

मंगोलियाबद्दल वाचायला गेलं की संगीताचं एक प्रकरण, नाचाचं दुसरं, खाण्याचं तिसरं अशी मांडणी सापडते. मला ती पटत नाही. गाण्याने दूध उतरतं, दूध आंबवून वाटीत येतं, ती वाटी नाचणाऱ्याच्या गुडघ्यावर ठेवली जाते आणि नाचाला साथ करणाऱ्या वाद्याच्या तारा घोड्याच्या शेपटीच्या असतात. सगळं एकाच दावणीला बांधलेलं आहे. म्हणून सुरुवात जनावरापासून.

देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आणि माणसं ३५ लाखांच्या आसपास. त्यातली जवळपास निम्मी राजधानी उलानबातरमध्ये. जनावरं मात्र माणसांच्या पंधरा-वीसपट: घोडे, उंट, गाई आणि याक, मेंढ्या, बकऱ्या. मंगोल लोक यांना मिळून ‘पाच तोंडांचं जनावर’ म्हणतात. हिवाळ्यात पारा उणे ३० ते ४० अंशांपर्यंत उतरतो, शेतीचा हंगाम अगदी तोकडा. म्हणून माणूस जगतो तो जनावराच्या जिवावर, आणि जनावर जगतं गवताच्या. गवत जिकडे, तिकडे बिऱ्हाड. आपले धनगर मेंढरं घेऊन पावसाच्या मागेपुढे चालतात, ती चाल मराठी माणसाला ओळखीची आहे. फरक इतकाच की इथे राहतं घरच उकलून सोबत नेतात. लाकडी जाळीच्या भिंती, वर लोकरीचा जाड नमदा, मधोमध चूल, दार दक्षिणेला. याला गेर म्हणतात. आतली जागा पाच-सहा मीटर व्यासाची. हे माप लक्षात ठेवा, नाचाकडे आलो की लागेल.

मंगोल स्वयंपाकात अन्नाचे दोन रंग. ‘त्सागान इदे’ म्हणजे पांढरं अन्न, दुधाचं. ‘उलान इदे’ म्हणजे लाल अन्न, मांस. उन्हाळ्यात पांढरं, हिवाळ्यात लाल. जनावरं भरपूर दूध देतात ती उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. तेवढ्या काळात येणारं दूध वर्षभर पुरवायचं कसं, या एका प्रश्नातून तिथला सगळा दुधाचा संसार उभा राहिला आहे.

तो संसार मराठी स्वयंपाकघरातून बघितला तर लगेच उमगतो. मोठ्या कढईत दूध मंद आचेवर ठेवतात. डावाने वर उचलून उंचावरून परत कढईत सोडत राहतात, फेस येईपर्यंत. मग आच काढून रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी वर बोटभर जाड साय धरलेली असते. ती कडेने सोडवायची, काठीवर उचलायची आणि अर्ध्या चंद्रासारखी दुमडून ठेवायची. हे ‘उरुम’. आपण पातेल्यावरची साय चमच्याने काढतो तेव्हा ती फाटते, गोळा होते. उरुम पोळीसारखं अख्खं निघतं आणि पावाबरोबर तसंच खातात. थंडीसाठी ते मेंढीच्या धुतलेल्या पोटाच्या पिशवीत भरून ठेवायची पद्धत आहे. उरुम कढवलं की वर येतं ‘शार तोस’, शब्दशः पिवळी चरबी. मराठीत त्याला तूप म्हणतात, आणि ते खरोखरच तूप आहे.

साय काढलेलं दूध विरजलं की ‘ताराग’, म्हणजे दही. हे दही चुलीवर मोठ्या कढईत चढवतात, कढईवर बिनबुडाचं उभं पिंप बसवतात, आत एक भांडं टांगतात आणि पिंपाच्या तोंडावर थंड पाण्याचं भांडं ठेवतात. दह्याची वाफ वर जाते, थंड बुडाला लागून पाणी होते आणि टांगलेल्या भांड्यात ठिबकते. ही ‘शिमीन आर्ख’, दुधाची दारू, दिसायला पाण्यासारखी आणि तशी सौम्य. आपल्याकडच्या मोहाच्या भट्टीचं तत्त्वही हेच. दारू निघाल्यावर कढईत उरलेला चोथा कापडात बांधून टांगतात, दाबतात, दोऱ्याने वड्या कापतात आणि गेरच्या छपरावर उन्हात वाळवतात. हे ‘आरूल’. दगडासारखं कडक, आंबट, वर्षानुवर्षं टिकणारं. खिशात टाकायचं आणि घोड्यावर बसल्या बसल्या चघळायचं. लहान मुलांच्या हातातही हेच असतं.

एका कढईभर दुधातून साय, तूप, दही, दारू, वडी. शेवटचा थेंबही वाया गेलेला नाही. मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे की मंगोल सैनिक मोहिमेवर निघताना वाळवलेलं दूध बरोबर घेत. सकाळी त्यातलं थोडं कातडी बाटलीत पाण्याबरोबर टाकायचं, दिवसभर घोड्याच्या चालीने ते आपोआप घुसळलं जायचं. हे ज्याला परवडतं त्या सैन्याला मागून धान्याच्या गाड्या कमी लागतात. त्या साम्राज्याच्या वेगाचं एक कारण कातडी बाटलीत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मंगोल माणसाचं मन मात्र सगळ्यात जास्त कशात असेल तर ‘आइराग’मध्ये. हे घोडीचं आंबवलेलं दूध. घोडीची कास लहान, दूध साठत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा, साधारण दर दोन तासांनी धार काढावी लागते. आधी शिंगरू लावायचं, पान्हा फुटला की ते बाजूला करून बाईने एका गुडघ्यावर बसून दूध काढायचं. हंगाम साधारण जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. गार केलेलं दूध गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात. ही पिशवी ‘खुखूर’, आणि तिच्यातली लाकडी रवी ‘बुलूर’. पिशवी दारातून आत शिरताच डाव्या हाताला टांगलेली असते. घुसळण पाचशेहून अधिक वेळा व्हायला हवी. घरचे येता-जाता चार हात मारतात आणि आलेला पाहुणाही मारतो. जुन्या आइरागचा थोडा अंश विरजण म्हणून पिशवीत राहतो, तो वर्षानुवर्षं पुढे जात राहतो.

घोडीच्या दुधाचं दही का लागत नाही? गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. आंबटपणा वाढला की केसिनचे कण एकमेकांना धरतात आणि दह्याची कवडी पडते. घोडीच्या दुधात प्रथिनं मुळातच कमी, त्यात केसिन जेमतेम निम्मं. त्यामुळे कवडी धरत नाही, आंबवल्यावरही ते पातळ राहतं. उलट साखर जास्त, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, लॅक्टोज. गाईच्या दुधात ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, घोडीच्या दुधात सहा टक्क्यांहून थोडी वर. या साखरेवर दोन प्रकारचे सूक्ष्मजीव तुटून पडतात. एक दह्यातल्यासारखे जिवाणू, ते आम्ल करतात. दुसरे यीस्ट, ते मद्यार्क आणि वायू करतात. म्हणून आइराग आंबट, किंचित फसफसणारं आणि किंचित चढणारं. मद्यार्क साधारण दोन टक्के.

आता या सगळ्यातलं मला सर्वांत नवलाचं वाटणारं कोडं. मोठेपणी लॅक्टोज पचवण्यासाठी शरीरात लॅक्टेज नावाचं विकर सुरू राहावं लागतं, आणि ते जनुकांवर ठरतं. युरोपात बऱ्याच लोकांमध्ये ते सुरू राहतं. मंगोलियात सुमारे ९५ टक्के प्रौढांमध्ये ते सुरू ठेवणारा जनुकातला बदल नाही. तरीही हा समाज दुधावर जगतो आणि फार जुन्या काळापासून जगतो आहे. तिथे सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिनं अडकून राहिलेली आहेत. त्यांच्या अभ्यासातून दूध पिण्याची परंपरा सुमारे ५००० वर्षं मागे जाते. कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग पिशवीत आणि कढईत आहे. आंबवताना बरीचशी साखर जिवाणूच खाऊन टाकतात, काही निवळीबरोबर जाते. दूध सोसत नाही पण ताक चालतं, अशी माणसं आपल्याही घरात असतातच. त्याशिवाय मंगोल लोकांच्या आतड्यातले जिवाणूही या कामात हातभार लावत असावेत, असं संशोधकांना वाटतं आणि त्याचा शोध चालू आहे.

दुधाला तिथे केवळ पोटाचा मान नाही. सकाळचा पहिला खारट दूध-चहा, ‘सूतेई त्साय’, घरातली बाई दाराबाहेर नेऊन आभाळाकडे शिंपडते. त्यासाठी नऊ खळग्यांचा खास लाकडी चमचा असतो, ‘त्सात्साल’. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठमोऱ्या वाटेवर दूध शिंपडतात. नव्या वर्षाच्या सणाचं नावच ‘त्सागान सार’, पांढरा महिना.

आता वाद्याकडे वळू. ‘मोरिन खूर’ हे दोन तारांचं गजाने वाजवायचं वाद्य, पेटी खाली रुंद आणि वर निमुळती, दांड्याच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं. जाड तार ‘नर’, तिच्यात परंपरेने घोड्याच्या शेपटीचे १३० केस. बारीक तार ‘मादी’, तिच्यात घोडीच्या शेपटीचे १०५ केस. आता पुष्कळ ठिकाणी नायलॉन वापरतात. तारा दांड्यावर दाबून टेकवत नाहीत, बोटांनी आणि नखांच्या मुळांनी बाजूने स्पर्श करतात. ज्यांनी सारंगी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल, तिथेही तार नखाच्या मुळाशी घासते. दोन्ही वाद्यांचा आवाज माणसाच्या गळ्याजवळ जातो त्याचं एक कारण हे आहे. स्वर एका जागेवर ठोकला जात नाही, सरकतो, कापतो, ओला राहतो. मोरिन खूरच्या जन्माची कथा खुखू नामजिल नावाच्या घोडेस्वाराची सांगतात. त्याच्याकडे पंख असलेला घोडा होता, कुणी मत्सराने त्याचे पंख छाटले, घोडा मेला, आणि त्याच्याच आठवणीने त्याने हे वाद्य घडवलं. युनेस्कोने २००३ मध्ये याची दखल घेतली.

गळ्याचे प्रकार दोन सांगायलाच हवेत. पहिला ‘उर्तीन दू’, लांब गाणं. लांब म्हणजे बराच वेळ चालणारं इतकंच नाही, त्यातला एकेक स्वर ताणलेला. चार मिनिटं गायलं तरी शब्द जेमतेम दहा असू शकतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटू नये, तिथेही बंदिशीच्या दोन ओळींवर तासभर इमारत चढते. पण ख्यालाला तबल्याची लय असते. इथे ठेका नाही, श्वास हाच हिशेब. उघड्या माळावर आवाज अडवायला काही नसतं, त्या मोकळेपणात हे गाणं वाढलं आहे. नामजिलीन नोरोवबान्झाद ही याची थोर गायिका, जन्म १९३१, मृत्यू २००२. तिला १९९३ साली जपानचा फुकुओका पुरस्कार मिळाला होता. या गाण्याला ‘लिंबे’ या आडव्या बासरीची साथ असते, आणि बासरीवाल्याला मध्ये श्वास तोडायची मुभा नसते. नाकाने हवा आत घेताना गालांतली साठवलेली हवा बाहेर ढकलत राहायची. शिकताना मेणबत्तीच्या ज्योतीवर अखंड फुंकर घालायचा किंवा पाण्यात नळी धरून बुडबुडे न थांबवण्याचा सराव करतात. एक कडवं चार-पाच मिनिटांचं, गाण्यात तीन ते पाच कडवी.

दुसरा प्रकार ‘खूमी’. एकच माणूस एकाच वेळी दोन स्वर काढतो, खाली घुमणारा षड्ज आणि वर शिट्टीसारखी चाल. पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी दुसरा गातो आहे असंच वाटतं. समजून घ्यायला तानपुऱ्याइतकी सोय दुसरी नाही. चांगला जुळलेला तानपुरा छेडला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुठलाही स्वर एकटा नसतो, त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वर दडलेले असतात. गंधार हा त्यातला पाचवा. माणसाच्या गळ्यातही तेच असतं, आपण ते एकत्रच ऐकतो. खूमी गाणारा जीभ, ओठ आणि जबडा अशा बेताने धरतो की तोंडाच्या पोकळीत त्यातला एकच दडलेला स्वर घुमून मोठा होतो, बाकीचे मागे पडतात. जीभ किंचित हलवली की दुसरा उचलला जातो. खालचा स्वर सेकंदाला १५० कंपनांचा धरला तर आठवा दडलेला स्वर १२०० कंपनांचा, म्हणून तो शिट्टीसारखा लागतो.

चाल बांधताना सहसा सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा स्वर घेतात. आपल्या भाषेत प, सा, रे, ग, प. भूप ऐकणाऱ्याच्या कानाला ही चाल गोड लागते ती यामुळेच. सातवा दडलेला स्वर आपल्या कोमल निषादाच्याही खाली पडतो, अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये कुठेतरी, म्हणून ते टाळतात. घरी करून बघता येईल. एकाच स्वरावर ‘ऊ’ धरा आणि तो न सोडता अगदी सावकाश ‘ई’कडे या. वर काहीतरी बारीक चढत गेल्यासारखं वाटेल, तीच खूमीची पहिली पायरी. पश्चिमेकडच्या खोव्द प्रांतातला चांदमान हा भाग खूमीचं माहेर मानला जातो. वारा, पाणी, डोंगर यांच्या आवाजातून हे गाणं आलं असं तिथली माणसं सांगतात. ‘खारखिरा’ हा याचाच घोगरा, खोल प्रकार. त्यात खऱ्या स्वरतंतूंच्या वरचे पडदेही कापायला लागतात आणि आवाज एक सप्तक खाली गेल्यासारखा होतो.

आणि आता ते पाच-सहा मीटरचं माप. मधोमध चूल, भिंतीला पेट्या आणि बिछाने, माणसं दाटीने बसलेली. अशा घरात गिरकी घ्यायला जागा कुठे? पश्चिम मंगोलियातल्या ‘बियेलगी’ या नाचात पाय फारसे जागा सोडत नाहीत. अर्धवट बसून किंवा मांडी घालून नाचायचं. नाच खांद्यांत, मनगटांत, छातीत, बोटांत. खांदे आळीपाळीने थरथरतात, हात दूध काढतात, रवी फिरवतात, लगाम धरतात. बाहेर दिवसभर जे केलं तेच आत सुरावर. जमातीगणिक ढंग बदलतो. बायाद लोक गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून त्यांवर आइरागने भरलेल्या वाट्या तोलतात, द्योर्वोद डोक्यावर आणि हातांवर. वाटी नीट पाहिली की नाचाचं मर्म दिसतं. खांदे झपाट्याने हलत असतात आणि वाटीतल्या दुधाला लाटही येत नाही. धावत्या घोड्यावर वरचं अंग स्थिर ठेवणाऱ्या लोकांचा हा नाच आहे. गुडघे आणि कंबर सगळे हिसके पिऊन टाकतात. चीनमधल्या इनर मंगोलियात, जिथे मंगोलियापेक्षाही जास्त मंगोल राहतात, डोक्यावर वाट्यांची चळत ठेवून करायचा नाच आहे.

बियेलगी २००९ पासून युनेस्कोच्या तातडीच्या यादीत आहे. नाच रंगमंचावर गेला, मोठा झाला, पावलं लांब टाकायला लागला. गेरमध्ये आजीकडून शिकणारी मुलं मात्र शहरात गेली. मला याची खंत वाटते, कारण जागा वाढली की या नाचातलं जे सगळ्यात अवघड आहे, तेच कमी लागतं. त्यावर निसर्गाचा घाला आहे. ‘झुद’ म्हणजे उन्हाळ्यातल्या दुष्काळामागून येणारा जीवघेणा हिवाळा, गवतावर बर्फाचं कवच धरतं आणि जनावरं उपाशी मरतात. २०२३-२४ च्या झुदमध्ये ७० लाखांहून जास्त जनावरं गेली. कळप गेलेलं कुटुंब उलानबातरच्या कडेला येऊन गेर उभारतं. तिथे घोडी नसते, मग खुखूर कशाला टांगायची?

तरी जुलैच्या ११ तारखेला नादाम हा खेळांचा उत्सव सुरू होतो आणि हे सगळं पुन्हा एका माळावर येतं. कुस्ती, तिरंदाजी, घोड्यांच्या शर्यती. लहान मुलं जॉकी म्हणून बसतात, मैलोन् मैल दौडतात. जिंकलेल्या घोड्यावर आइराग शिंपडतात आणि त्याची स्तुती गातात. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत सगळ्यात शेवटी येणाऱ्यालाही बोलावून घेतात. त्याला ‘बायान खोदोद’ म्हणतात, भरल्या पोटाचा. त्याच्यासाठीही एक गाणं ठरलेलं आहे. सगळ्यांसमोर ते म्हटलं जातं आणि त्यात त्याला सांगितलेलं असतं की पुढच्या वर्षी तू पहिला येशील.